मीन राशीच्या दोन ओळी

मंगळ, ३ फेब्रु.

ताईच्या ऑपरेशनची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली. तिच्या सुनेने, वृषालीने, सकाळी फोनवर सांगितलं. दुपारी दवाखान्यात फोन करून विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. डाव्या छातीत गाठ, लिंबाएवढी. काढून तपासायला पाठवायची. दवाखाना रोह्यात, ताई पलीकडच्या अष्टमी गावात, मध्ये कुंडलिकेवरचा पूल. रोज भाजीला जाते तो.

कारण विचारलं. वृषाली दबक्या आवाजात, "मामा, आई म्हणतात मृणालिनीबाईंनी लिहिलंय, पाणी ओलांडू नका. पुलाखाली पाणीच ना."

मृणालिनीबाई म्हणजे मी. रविवारची पुरवणी, 'पत्ते आणि राशी' हे टॅरोचं सदर. सहा वर्षं झाली. घरात कोणालाही माहीत नाही.

बुध, ४

जुना मजकूर काढून पाहिला. वाक्य माझंच. मीन, पत्ता चंद्र : 'झाकलेलं आपोआप उघडेल, घाई नको.' इथे ओळ अर्धीच भरत होती. अर्धी ओळ मला बघवत नाही, वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो तेव्हाची खोड. म्हणून पुढे 'पाणी ओलांडू नका.'

टेबलासमोर भिंतीवर तक्ता आहे. मेष–सम्राट, कर्क–रथ, वृश्चिक–मृत्यू, मीन–चंद्र. त्यावरून लिहितो. पत्ते पिसत नाही. मीन बारावी. तिथवर येईतो डोक्यात काही उरलेलं नसतं.

याहून वाईट म्हणजे तीन आठवडे मी ताईसाठीच लिहीत होतो, पण वृश्चिकेत. तिचा जन्म नोव्हेंबरातला. पत्त्यांचं शास्त्र सूर्याची रास धरतं, मीही तीच धरली. 'परिवर्तन टाळू नका, वैद्याचं ऐका.' ('मृत्यू' छापायचा नाही असा नियम. त्याला 'परिवर्तन' म्हणायचं.) आणि ताई बघते पत्रिकेतली रास, चंद्राची. मीन. आपल्याकडे सगळे तसंच बघतात. मी स्वतः मुलीचं लग्न जमवताना तीच पाहिली होती.

तीन आठवडे जिल्ह्यातल्या वृश्चिकवाल्यांना दवाखान्यात पाठवत होतो.

गुरु, ५

पुरवणी बघणाऱ्या केतकीला फोन केला. या रविवारची मीन बदलायची आहे म्हटलं. "सर, पान काल दुपारीच गेलं." मग विचारलं, लेखिकेचं नाव उघड केलं तर? "सर, बायका तिला पत्रं लिहितात. घरचं सगळं लिहितात. त्यांना काय सांगायचं?"

तेही खरंच.

रविवारी मीनला काय दिलंय ते आठवेना. फाइल उघडायचं धाडस संध्याकाळी केलं. 'अजून थोडी वाट पाहा.'

रवि, ८

वृषालीने कात्रणाचा फोटो पाठवला. 'वाट पाहा'खाली पेन्सिलीची रेघ. ताई कात्रणं वहीत चिकटवते, हे आजच कळलं. सहा वर्षांची आहेत म्हणे.

डॉक्टर वृषालीला म्हणाले, आता थांबायचं नाही. नवी तारीख सोमवार, १६. सकाळी नऊ.

मंगळ, १०

आज मीन आधी लिहिली, बाकी अकरा मागून. चंद्र काढून टाकला. रथ दिला. रथ कर्केचा, पण कर्कही पाण्याचीच रास, कोण विचारतंय. 'रथ. लगाम हाती ठेवा, पण थांबू नका. पाणी ओलांडा. सोमवारी वैद्याकडे जाणं हिताचं.' इतकं उघड मी कधी लिहिलं नव्हतं. पाठवून दिल्यावर बरं वाटलं. नीट जेवलो.

बुध, ११

केतकीने पान दाखवायला पाठवलं. तळाला जाहिरात आली आहे. तळाला मीन असते. "सर, तीन ओळी जास्त होत्या, मी कापल्या. अर्थ बदलला नाहीये."

उरलं ते एवढंच : 'रथ. लगाम हाती ठेवा.'

परत लावा म्हटलं. जाहिरात काढता येत नाही म्हणाली. माझ्या वेळी मीही असंच कापायचो. तळापासून.

गुरु, १२

अष्टमीला जाऊन आलो.

पेणच्या स्टँडबाहेर हमरापूरचा टेम्पो उभा होता. कच्चे गणपती, रंग नाही, डोळे अजून काढायचे. सगळे एस.टी.च्या खिडकीकडे तोंड करून. मी दुसरीकडे बघत बसलो.

ताई तांदूळ निवडत होती. सरळ सांगून टाकलं.

"मृणालिनी? तू?" इतकी हसली की ताटातले तांदूळ सांडले. "अरे दिन्या, तुला चहात साखर किती ते ठरवता येत नाय. तू लोकांचं भविष्य सांगतोस?"

मागच्या रविवारची मीन तोंडपाठ म्हणून दाखवली. मग येत्या रविवारची, जी अजून तिने पाहिलेली नाही. हसणं थांबलं.

"म्हणजे इतकी वर्सं मी तुझं ऐकत व्हते?"

"हो."

"तुझं मी ऐकलंच नसतं."

"ताई, ते सगळं जागा भरायला लिहिलेलं. आता ऐक. सोमवारी दवाखान्यात चल."

"आणि हे पण जागा भरायलाच नाय कशावरून?"

मी सांडलेले तांदूळ गोळा करायला लागलो. सहा वर्षं दर रविवारी बारा उत्तरं दिली आहेत.

ती खडे काढत राहिली. एका हाताने. डावा हात पदराखाली. मग म्हणाली, "खरे पत्ते हायत का तुझ्याकडं?"

"आहेत. चित्रं बघायला घेतले होते."

"रविवारी घेऊन ये. माझ्यासमोर पिस. एक काढ. जा म्हणाला तर जाईन, थांब म्हणाला तर थांबेन. त्या बाईचं नाय, तुझं नाय. पत्त्याचं."

वृषाली दारातून, "आई, गाठ काय पत्त्याला विचारून वाढते?"

"तू गप गो."

निघताना उंबऱ्यापर्यंत आली. "रविवारी शिवरात्र हाय. उपासाच्या दिवशी मला फसवू नको, दिनू." दिनू म्हणाली. लहानपणी ताप आला की म्हणायची.

शनि, १४

दुपारी पत्ते काढले. प्लास्टिक अर्धंच फाडलेलं होतं, सहा वर्षांत पुरतं फाडायची वेळ आली नव्हती. अठ्ठ्याहत्तर. हातात मावत नाहीत. दोनदा जमिनीवर सांडले.

चंद्र बाजूला काढून खणात ठेवला. उलटा टांगलेला माणूस येतो, तोही ठेवला, त्याचा अर्थ थांबा. मग म्हटलं रथच वर ठेवावा, पिसल्यासारखं करावं. करून पाहिलं. जमतं. आरशासमोर केलं तर मला स्वतःलासुद्धा दिसलं नाही.

चहा केला. प्यायलो नाही. खणातले दोन्ही पत्ते परत घातले. तासाभराने पुन्हा काढले.

मृत्यूचाही पत्ता आहेच. पांढरा घोडा, वर हाडांचा स्वार. कागदावर 'परिवर्तन' म्हणून भागतं. ताई समोर बसून चित्र बघेल. आणि टॅरोप्रमाणे तो तिचाच पत्ता, नोव्हेंबरचा.

वृषालीचा फोन. दवाखान्याची पिशवी भरून तिने दाराआड ठेवली आहे. साडी, टॉवेल, रिपोर्टांची फाइल. "आईंनी पाहिली, मामा. बाहेर नाय काढली." ताईने पिशवीत कात्रणांची वहीही घातली आहे म्हणे. का ते वृषालीला कळलं नाही. मलाही.

दोन्ही पत्ते परत घातले आहेत. डबीत सध्या अठ्ठ्याहत्तर. उद्या पहिली एस.टी. रोहा, तिथून पूल चालत. उपासाचं खाणं झालं की ताई ताट बाजूला सारील आणि म्हणेल, पिस. सोमवारी नऊ वाजता दवाखान्यात नाव पुकारतील.