दोरा दोन बोटं उजवीकडे होता

बाबा, तुमचा पुठ्ठ्याचा नकाशा काल समितीवाले घेऊन गेले. रेल्वेचं राष्ट्रीय मुख्यालय पांढुर्ण्यात व्हावं, ही तुमची जुनी मागणी गावाने पुन्हा उचलली आहे, त्यासाठी समिती केली आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुपसुद्धा झाला. समितीतला तुमचाच एक विद्यार्थी, आता त्याचेही केस पिकलेत, सौसरला माझ्या घरी आला आणि चहा यायच्या आधीच म्हणाला, "ताई, गुरुजींचा तो नकाशा तुमच्यापाशीच आहे ना जी? अर्जासंगं त्याचा फोटो लावतो. दिल्लीवाल्याइले दिसलं पाहिजे, पांढुर्णा देशाच्या ऐन मधात आहे म्हणून."

कपाटामागून मी तो काढला, ओल्या फडक्याने पुसला. तीन निळ्या रेघा, आणि तिन्ही पांढुर्ण्याच्या लाल ठिपक्यावर मिळालेल्या. पुसता पुसता हात थांबला.

मी दहा वर्षांची आहे. रविवारची दुपार, आई भाकरी थापते आहे, आणि चाळणी टांगायच्या खिळ्यावर तुम्ही पुठ्ठ्यातून कापलेला देश कडेच्या एका भोकातून टांगला आहे. त्याच खिळ्यावरून एक दोरा सोडलाय, त्याला वजन म्हणून आईच्या कपाटाची किल्ली. दोरा खालची कड जिथे ओलांडेल तिथे खूण करायची, मग दुसऱ्या भोकातून टांगायचं, मग तिसऱ्या. तिन्ही रेघा भेटतील तो देशाचा मध्य. जवळचं तुम्हाला चष्मा लावूनही नीट दिसत नाही, म्हणून खूण करायचं काम माझं. मी घाईने पेन्सिल टेकवते तशी तुम्ही ओरडता, "थांब! किल्ली हालून राहिली अजून. घाई केली का खोटं उतरते."

किल्ली थांबते. दोरा लाल ठिपक्याच्या दोन बोटं उजवीकडे आहे.

आदल्या दिवशी स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याने तुम्हाला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काहो मास्तर, एक्सप्रेस थांबून नाही राहिली इथं, अन् तुमी मुख्यालय मांगून राहिले?" लोक हसले. तुम्हीही हसलात, माझं बोट धरून घरी आलात आणि जेवला नाहीत. मला त्या दोऱ्यापेक्षा ते ताट जास्त दिसत होतं. मी खूण सरकवली. तिन्ही वेळा. तुम्ही पट्टी लावून रेघा ओढल्या आणि आईला हाक मारली, "अवं, पाह्य! इथंच आहे!" त्या दिवशी तुम्ही चार भाकरी खाल्ल्या. संध्याकाळी स्वतःचा शाईचा पेन मला दिलात. "डोळे साफ आहेत माय तुहे," म्हणालात.

त्याच पेनने मी दरवर्षी दिल्लीला पाठवायचे तुमचे हिंदी अर्ज उतरवून द्यायची. पहिल्या वर्षी लिहिलं होतं, 'देश के ठीक मध्य में', अगदी बरोबर मधोमध. दुसऱ्या वर्षीच्या कच्च्या कागदावर 'ठीक' खोडून तुम्ही 'लगभग', म्हणजे जवळपास, असं लिहिलं होतं. मी विचारलं तेव्हा तुम्ही पेनात शाई भरत होता. मान वर न करता म्हणालात, "लगभगच बरं. लिहून घे." मला वाटलं, हा तुमचा नम्रपणा. पुढे तुम्ही होता तोवर प्रत्येक अर्जात 'लगभग' राहिलं. उत्तर एकाचंही आलं नाही.

काल नकाशा पुसताना कडेला चौथं भोक सापडलं. आपण तीनच पाडली होती. चौथ्यापासून एकही रेघ निघत नाही. म्हणजे मी घरी नसताना कधीतरी तुम्ही एकट्याने चष्मा डोळ्यांजवळ धरून किल्ली थांबायची वाट पाहिली असेल, दोरा ठिपक्याच्या बाजूलाच दिसला असेल, आणि मग रेघ न ओढता नकाशा पुन्हा भिंतीला लावला असेल. पेन परत मागितला नाहीत. शब्द तेवढा बदललात.

तुमचा विद्यार्थी नकाशा काखेत धरून निघाला तेव्हा मी दारापर्यंत गेले. सगळं सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते इतकंच, "अर्जात 'ठीक मध्य' नका लिहू. 'लगभग' लिहा."

"काऊन जी ताई?"

"बाबा तसंच लिहायचे."

"मंग तसंच लिहू," म्हणत त्याने नकाशा कपाळाला लावला.

हे तुमच्याच पेनने लिहिते आहे, आणि हे या वहीतच राहील. पण बाबा, तुम्ही मला एकदा झाकलंत, आणि काल दारात उभी राहून मी पुन्हा तुमच्याच मागे लपले.