नवरीचं नाव

प्रिय आई,

महिनाभर मी एक वेगळंच काही शिकतेय. फोनवर ते सांगायला जमेना, म्हणून लिहितेय. मी मंगलाष्टक लिहायला शिकतेय. हसू नकोस. विज्ञान शिकवणारी मी, शाळेच्या स्नेहसंमेलनातही कधी चार ओळी जुळवल्या नाहीत. माझ्या घरमालकीण लक्ष्मम्मा बाई धर्माबादच्या, घरी तेलुगू बोलतात, पण जन्मभर शाळेत मराठी शिकवलंय. इथं नांदेडला ओळखीपाळखीच्या लग्नांत त्यांनी लिहिलेलीच मंगलाष्टकं म्हणतात. त्यांना म्हटलं, मला शिकवा. कुणाच्या लग्नासाठी, ते सांगितलं नाही.

ओळीत एकोणीस अक्षरं. कुठलं आखूड, कुठलं लांब, हे आधीच ठरलेलं. कडव्याच्या चौथ्या ओळीत शेवटची सात आयती मिळतात, ‘कुर्यात् सदा मंगलम्’. बाकी सगळी अक्षरं आपण भरायची. पहिली तीन लांब, मग दोन आखूड, असं पुढं. आता हे डोक्यातून जातच नाही. भाजी घेताना, हजेरी घेताना बोटं चालूच. ‘सोयाबीन’ ओळीच्या सुरुवातीला अगदी चपखल बसतं, पण लग्नात सोयाबीन कुठं घालणार? शिवाय आखूड अक्षरापुढं जोडाक्षर आलं, की ते लांब होऊन बसतं. असं का, म्हणून मी बाईंना भंडावून सोडलं. त्या म्हणाल्या, ‘म्हणून बघ, जीभच सांगती.’ म्हणून बघितलं. जीभ खरंच सांगते.

माझ्या सगळ्या ओळी ‘आई तू’नं सुरू व्हायच्या. तिन्ही अक्षरं लांब, वृत्तात चोख. बाईंनी कागद बाजूला सारला. ‘हे काय लिहून राहिलीस? वाढदिवस हाय का लग्न? नवरी कोण?’ मग सांगावंच लागलं. मला वाटलं, आता वयाचं काढतील, लोकांचं काढतील. तर म्हणाल्या, ‘तिथं तुझी आई न्हाई उभी राहणार. एक बाई उभी राहणार. नाव काय तिचं?’

गोदावरी, मी म्हणाले. तुझं नाव असं मोठ्यानं मी कधी घेतलंच नव्हतं. ते ओळीच्या उत्तरार्धातच बसतं, पुढं येतच नाही. तूही तशी पुढं येणारी नाहीसच. मी लिहिलं, ‘एकाकी घर चालवून थकली गोदावरी’. बाईंनी विचारलं, ‘थकली, असं ती म्हणली का तुला?’ आठवून पाहिलं. बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते. तेव्हापासून तुझं ऑफिस, लातुरातल्या टँकरच्या रांगा, माझे क्लास. तू कधीच तसं म्हणाली नाहीस. मग ‘थकली’च्या जागी ‘हसली’ घातलं, वजन तेच. ‘एकाकी घर चालवून हसली गोदावरी मोकळी.’ ओळ पुरी झाली आणि मला मागची दिवाळी आठवली. मी चकल्या तळत होते, तू गॅलरीत आनंदराज काकांशी फोनवर बोलत होतीस आणि हसलीस. ते हसू मला ओळखीचं वाटलं नाही. मी झारा हातात धरून ऐकत राहिले, एक घाणा करपला.

तुम्ही कचेरीत नुसत्या सह्या करायचं ठरवलंय. तू सांगितलंस तेव्हा मी ‘बरं’ एवढंच म्हटलं. त्यानंतर तूही विषय काढला नाहीस, मीही नाही. आता नवरीचं कडवं झालं. दुसरं नवरदेवाचं, आणि तिथं मी अडलेय. ते मुदखेडला रेल्वेत होते आणि त्यांची पत्नी कोविडात गेली, याच्यापलीकडं काकांबद्दल मला काही ठाऊक नाही. एवढ्यावर एक ओळही भरत नाही. म्हणून हे पत्र. शनिवारी मी लातूरला येतेय, काकांनाही जेवायला बोलव. ते कशावर हसतात, कशावर चिडतात, तुझ्या हातचं काय मागून खातात, आणि तुला ते केव्हापासून आवडायला लागले, सगळं मला विचारायचंय. सह्या झाल्यावर अंतरपाट धरायला दोन माणसं तेवढी बघून ठेव. मंगलाष्टक मी म्हणणार आहे.

तुझीच,
तनुजा