फलकावरचा शब्द

गंगापूर रोड, नाशिक
२ जुलै २०००

ती. नाना यांस,
शुभांगीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी बरी आहे. मेसची वांग्याची भाजी खाताना आईची फार आठवण येते. आई अजून बिनसाखरेचाच चहा पिते का? दादा गेल्यापासून तिने साखर सोडली ती सोडलीच. तुम्ही जरा समजावा.

तुमच्यामुळे वर्गात माझी फजिती झाली. मध्ययुगातली धर्मयुद्धे कितपत यशस्वी झाली, असं मॅडमनी विचारलं. मी ऐटीत उभी राहून सांगितलं की, सूर्यास्तानंतर वार करायचा नाही, हाती शस्त्र नसलेल्याला मारायचं नाही, हे ज्याने पाळलं तो यशस्वी. सगळा वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, ते महाभारतातलं. ही ख्रिस्ती आणि मुसलमान धर्माच्या नावाने लढले ती युद्धं. ख्रिस्ती फौजांनी जेरुसलेम घेतलं तेव्हा बायकापोरंही सोडली नाहीत. तुमचा अर्थ मी लहानपणापासून धरून बसले, तेव्हा खापर तुमच्याच डोक्यावर!

आईस नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्या.
तुमची,
शुभांगी

सायखेडा
६ जुलै २०००

चि. शुभांगी हिस अनेक आशीर्वाद.

तू हसत लिहिलंस, पण पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्या दादाच्या, गोरक्षच्या वर्षश्राद्धाला शाळेच्या फाटकाशी फलक लागणार आहे, हे तुला ठाऊक आहे. निवृत्ती आणि त्याच्या तरुण मंडळाची पोरं विचारायला आली होती. नावाखाली ‘धर्मयुद्धातील वीर’ लिहू म्हणाले. मी आनंदाने हो म्हणालो. भरतीला निघताना मी त्याला तेच सांगितलं होतं ना, की निःशस्त्रावर हात टाकू नको. मला वाटलं, पोरांनी माझ्या मनातलं ओळखलं.

काल निवृत्तीला विचारलं. त्याच्या मनात तुझ्या मॅडमचाच अर्थ निघाला. माझा मुलगा कारगिलला देशासाठी गेला, कुणाच्या धर्मावर चालून गेला नाही. आता काय करू? त्या लढायांत शेवटी जिंकलं कोण, तेवढं नीट कळव. आईही विचारते आहे.

जिवाला जप.
तुझे,
नाना

गंगापूर रोड, नाशिक
९ जुलै २०००

ती. नाना यांस,
शि. सा. नमस्कार.

पहिल्यांदा ख्रिस्ती जिंकले. शंभर वर्षांच्या आत सलाहुद्दीनने जेरुसलेम परत घेतलं. पुन्हा पुन्हा ख्रिस्ती फौजा आल्या, आणि शेवटी त्यांचं तिथलं शेवटचं मोठं बंदरही गेलं. मुसलमान जिंकले म्हणावं, तर त्यांचीही गावंच्या गावं उजाड झाली होती. पुस्तकात मात्र फायदे दिलेत. व्यापार वाढला, शहरं वाढली, युरोपात साखर जास्त जाऊ लागली. हे लिहिलं की मार्क मिळतात.

नाना, तो शब्द दादाच्या नावाखाली नको. देवळालीची लष्करी गाडी दिसली की मी अजून आत कोण बसलंय ते बघते. मला फार रडू येतं.

कार्याला येतेच. तोवर आईला सांभाळा.
तुमची,
शुभांगी

सायखेडा
१९ जुलै २०००

चि. शुभांगी हिस अनेक आशीर्वाद.

परवा तू गेलीस आणि घर पुन्हा ओकंबोकं झालं. निवृत्ती अजून बोलत नाही. लय चांगला शब्द हाय, नाना, तुम्ही पोराचा मान घालवला, असं तो चारचौघांत म्हणाला. अर्धं मंडळ कार्याला का आलं नाही, ते तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. फलक आधीच रंगवून झाला होता, म्हणून मी त्या शब्दावर पांढरा रंग मारलाय, पण पावसाने तो आताच उडायला लागलाय. उन्हाळ्यात पुन्हा मारीन.

तुझं पत्र आईला काल पुन्हा वाचून दाखवलं. साखरेपाशी तिने थांबवलं. तिचा एक प्रश्न आहे, तो मॅडमना विचार. ती म्हणाली, साखर आली ते ठीक, पण ज्यांची पोरं गेली त्या घरांत ती कुणी खाल्ली का?

तिचा चहा तसाच निवून गेला.
तुझे,
नाना