भुऱ्याच्या नाकातली गाठ

डोंगरकडा,
१२ जानेवारी १९९९

प्रिय विकासदादा,

सप्रेम जय भीम. वि. वि. आम्ही दोघी तब्येतीनं बऱ्या, पण घर ठिकाणावर नाही. भुऱ्याच्या नाकातून रक्त येतं, हे मी कळवलंच होतं. काल त्याला जीपमध्ये घालून कळमनुरीला जनावरांच्या दवाखान्यात पुन्हा नेलं. तपासणीचा रिपोर्ट आला. कॅन्सरची गाठ आहे, कुत्र्यांना होते तसली.

डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. कापायची तर गाठ नाकात खोल, सगळी निघणार नाही. दर आठवड्याला शिरेतून इंजेक्शन दिलं तर या जातीची गाठ बहुतेक विरघळते, पण उलट्या होतील, अन्न तुटेल. नाहीतर सुई देऊन कायमचं झोपवायचं.

मी इंजेक्शनला हो म्हणणार तेवढ्यात आई भुऱ्याला घेऊन बाहेरच गेली. वाटेत म्हणाली, तुझ्या बाबाला बी असंच सांगितलं होतं, शेवटी पाणी बी पोटात ठरलं न्हाई. कालपासून ती दारातून अंगणात, अंगणातून दारात करून राहिली. मलाही काही सुचत नाही. तू मोठा आहेस, तूच सांग.

तुझी माया असू दे.
तुझी निलम

नाशिक,
१८ जानेवारी

प्रिय निलम,

जय भीम. पत्र वाचलं तेव्हापासून कारखान्यात हात चालत नाही. बाबांच्या वेळी डॉक्टर सांगत गेले आणि आपण मान हलवत गेलो. आता तसं नको. फरक केव्हा दिसायला हवा, नाही दिसला तर कधी थांबायचं, उलट्यांवर काय द्यायचं, सगळं विचार. बालवाडीतल्या लेकरांना दिवसभर प्रश्न विचारतेस, तिथं तोंडाला काहून कुलूप? आईसमोर विचार. आई थांबा म्हणाली तर थांबायचं.

आईला जप, भुऱ्याच्या पाठीवरून माझा हात फिरव.
विकास

डोंगरकडा,
३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

जय भीम. तू सांगितलेलं सगळं विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तीन इंजेक्शनांत फरक दिसला नाही तर मीच थांबा म्हणेन.

पहिलं झालं. जरा हललं तर औषध शिरेबाहेर जाऊन कातडी जळते म्हणे. मी धरायला गेले तर आईनं मला बाजूला सारलं आणि त्याला स्वतःच छातीशी धरलं. ती नखभर हलली नाही, तोही नाही. पण घरी येऊन दोन दिवस नुसत्या उलट्या. आई म्हणाली, आता बस. मी वाद घातला नाही. तिसऱ्या सकाळी त्यानं दुधातली भाकर खाल्ली. आईनं त्याला आणखी भाकर कुस्करून दिली, मग म्हणाली, आणखी एकच. रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागत नाही रे.

आठवण ठेव.
निलम

डोंगरकडा,
१ मार्च

चिरंजीव विकास यास,

आईचा आशीर्वाद. निलम शिकवायला गेली म्हणून मीच लिहून राहिले, अक्षर सांभाळून घे.

काल पाचवी सुई झाली. दुसरीलाच रक्त थांबलं, मग मी थांबा म्हटलं न्हाई. डॉक्टरबाईनं बॅटरी लावून नाकात पाहिलं, गाठ दिसंना. हसून म्हणाल्या, मावशी, बरा झाला तुमचा भुऱ्या.

मी त्यांना विचारलं, याचं बरं झालं, मग माझ्या माणसाचं काहून न्हाई झालं? औषध तर असंच होतं. त्यांनी हातातलं काम ठेवलं, माझ्या बाजूला बाकड्यावर बसल्या. म्हणाल्या, माणसाची गाठ निराळी असते, याहून जास्ती मला सांगता येत न्हाई मावशी. खरं बोलल्या. मग मी म्हशीवाल्या माणसांसमोर मोठ्यानं रडले. तुझे बाबा गेले तवा तुमी दोघं रडत व्हता, म्हणून मी रडले नव्हते. बाईनं उठ म्हटलं न्हाई.

घरी आले अन् दुपारीच झोप लागली. निलमनं हलवलं तवा दिवे लागले होते.

जेवत जा. सुट्टी मिळाली की ये.
तुझी आई,
मालनबाई