तीन देशांचा तक्ता

३ फेब्रुवारी, सकाळी सहा
आजपासून नवीन वही. स्वतः शिवलेली, दोनशे पाने. कारण महत्त्वाचे आहे. नातीला पूल बांधण्याचे उच्च शिक्षण परदेशी घ्यायचे आहे. कोणत्या देशात, हे घरात कोणी बोललेले नाही. अर्थात ते मी ठरवावे अशी अपेक्षा दिसते. पन्नास वर्षे विद्यापीठांचे ग्रंथ बांधले. सगळी विद्या या हातांखालून गेली आहे. दोन आठवड्यांत निकाल देईन.
संकल्प: तक्ता करणे. रकाने दोन. फी आणि कस.

५ फेब्रुवारी
नातीने माहिती सांगितली, मी उतरवून घेतली. थंड देश: फी शून्य. मोठा देश: फी इतकी की आकडा रकान्यात मावेना. बेटाचा देश: फी मध्यम, परंतु राहण्याजेवण्याचा खर्च फीच्या दुप्पट.
फी शून्य म्हणजे काहीतरी काळेबेरे असणार. फुकटच्या वहीची शिवण पहिल्याच आठवड्यात सुटते. थंड देश शेवटच्या क्रमांकावर.

९ फेब्रुवारी
कसाचा रकाना रिकामा. खालच्या मजल्यावरील निवृत्त प्राध्यापकांना विचारले. ते म्हणाले, विद्यापीठाचा कस असा एका आकड्यात सांगता येत नाही. ज्या गृहस्थांनी जन्मभर मुलांना आकडेच दिले, त्यांनी असे म्हणावे याचे नवल वाटले. मी माझी पद्धत ठरवली: शंभरातले नापास किती?
नातीच्या सांगण्यानुसार मोठ्या देशात तीन-चार. एवढे पैसे घेतल्यावर नापास करण्याची लाज वाटत असावी. थंड देशात पहिल्याच वर्षी चाळीस जण घरी जातात. तोंडी परीक्षा, समोरासमोर. नात हसत म्हणाली, "तिथे फी पैशांत घेत नाहीत आजोबा, झोपेत घेतात."
थंड देश एकदम पहिला. मी मत बदलले असे नव्हे, पुरावा बदलला.
आमच्या चौथीच्या वर्गातही एकतीसपैकी नऊच उत्तीर्ण झाले होते. कसाची शाळा. निकालाच्या दिवशी मी बांधणीखान्यात कामाला लागलो, त्यामुळे माझा निकाल पाहायचा राहिला.

२१ फेब्रुवारी
मुदत उलटली. रेघा मारायची पट्टी सापडत नव्हती.

६ मार्च
संध्याकाळी नात माझ्या खोलीत आली. दार लोटून घेतले. थंड देशातील विद्यापीठाने तिला प्रवेश दिला आहे. अर्ज नोव्हेंबरमध्येच केला होता. म्हणाली, "आईलाही अजून सांगितलं नाहीये. आधी तुम्हाला."
तक्ता अपूर्ण असताना निकाल तोच लागला, यावरून तक्ता योग्य दिशेने चालला होता हे सिद्ध होते.
किती वर्षे, असे विचारले. पाच, मग परत येणार. अभिनंदन केले. माझे वय येथे लिहिण्याचे कारण नाही.

७ मार्च
तिचा बाप दोन वर्षांसाठी म्हणून परदेशी गेला होता. तेरा झाली. आता पत्रही येत नाही. विषय निघाला म्हणून नोंद केली. वस्तुतः कोणी काढला नव्हता.

२ एप्रिल
चौदा तारखेला त्या देशाच्या कचेरीत मूळ प्रमाणपत्रे दाखवायची आहेत. तपासणी झाली की प्रवेश पक्का. महिनाअखेर मुदत. सूनबाई औषधांच्या दुकानातून येताना नवे प्लास्टिकचे फोल्डर घेऊन आल्या. आत सगळे कागद वेगवेगळ्या मापांचे, एकाला एक मेळ नाही. आमच्या घरातील विद्या अशा अवस्थेत परदेशी जाणार नाही. बांधून देईन. कोणालाही न सांगता.

११ एप्रिल
काम पूर्ण. शिवण पक्की, पाठ कापडी, पुठ्ठा गडद निळा, वर सोनेरी अक्षरांत तिचे नाव. सर्वांत लहान कागदाच्या मापाने तिन्ही कडा कापून सारख्या केल्या. या वयातही हात एकदाही थरथरला नाही.

१४ एप्रिल
सकाळी मायलेकी फोल्डर शोधू लागल्या, तेव्हा गुंडाळलेले पुस्तक नातीच्या हाती दिले. कचेरीतच उघड, असे बजावले.
दुपारी परतल्या. घडले ते सूनबाईंनी सांगितले. खिडकीवरील बाईंनी पुस्तक उघडले, चार पाने उलटली, मिटून परत दिले. प्रमाणपत्रांचे क्रमांक तळाशी होते, ते कापले गेले. तीन शिक्के अर्धेच उरले. ही आता प्रमाणपत्रे नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या प्रती मिळण्यास सहा महिने लागतात.
माझे मत: क्रमांक इतका कडेला छापणे हा छपाईचा दोष आहे. समास सोडण्याची साधी रीत असते.
नात पुस्तक मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "बांधणी छान झालीय, आजोबा."

१५ एप्रिल
कापलेल्या पट्ट्या केरात शोधल्या. केर काल गेला. केरवाल्याने नेमकी कालच वेळ पाळली.

१९ एप्रिल
थंड देशातील विद्यापीठाच्या कुलगुरूंना पत्र लिहिले. बांधणीची पद्धत सविस्तर, पाने सहा. प्राध्यापकांनी त्याचे इंग्रजी केले. ते दीड पानच झाले. इंग्रजी भाषा तोकडी आहे.

३ मे
उत्तर आले. दोन ओळी. खेद वाटतो, पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा. उत्तम. एक वर्ष म्हणजे काही जन्म नव्हे. तेवढ्यात तक्ताही पूर्ण होईल. शून्य फी काही वाढत नसते.

१७ जून
वाढली. पुढील वर्षापासून परदेशी विद्यार्थ्यांना फी. आकडा बेटाच्या देशापेक्षा मोठा आहे. तक्ता दुरुस्त करताना खोडरबराने कागद फाटला.
नातीने एका ड्रॉइंग ऑफिसात नोकरी धरली. गटारांवरील स्लॅबची रेखाचित्रे काढते. तोही पूलच, फक्त लहान, असे मी म्हणालो. "हो," म्हणाली.

२८ जून
सूनबाई भाजी निवडत होत्या. मी छपाईच्या दोषाविषयी बोलत होतो. त्यांनी मान वर केली नाही. आवाजही चढवला नाही.
"मामंजी, पन्नास वर्षं लोकांची पुस्तकं बांधलीत. कधी कुणाची एक ओळ तरी कापली गेली होती?"
एकही नाही. कडा कापण्यापूर्वी प्रत्येक पान तपासायचे, ही माझी शिस्त होती आणि गावभर तिचे नाव होते. उत्तर जिभेवर आले होते. दिले नाही.

२९ जून
नोंद नाही.

१ ऑगस्ट, संध्याकाळी साडेसहा
नात कामावरून आली. पूर्वी चप्पल काढण्याआधी माझ्या खोलीत डोकावत असे. आता मी दिसलो तर, "जेवलात का?" असे विचारते, आणि आत जाऊन कडी लावते. उद्धटपणा मुळीच नाही. तक्रारीला जागा नाही.
दोन्ही खोल्यांमधील अंतर मोजले. नऊ पावले.
थंड देशातून ती पाच वर्षांनी परत येणार होती.