काठातले तीन टाके

आबा, धप्प, धप्प, धप्प... तुमच्या मागावरच्या लाकडी फणीचा आवाज. नांदूरघाटच्या विहिरींनी तळ दाखवलेला, लोकरीला लावायची चिंचोक्याची खळ शिजवायला पाणी नाही, तरी विणकर सोसायटीची लोकर आली की तो आवाज सुरू व्हायचा. मी शेजारी बसून शाळेतल्या कविता त्या ठेक्यावर म्हणायचो. तुम्ही वर न बघता म्हणायचात, "कवितेनं थंडी जात न्हाई बे."

आपल्यात घोंगडं झालं की काठात घराची निशाणी सुईनं काढायची. आपली तीन पांढरे टाके. माझ्या पहिल्या घोंगड्यावर मात्र मी चांदणी काढली, कविता म्हणताना डोळ्यांपुढं यायची तशी. सोसायटीची माणसं ओसरीवर चहा पीत होती. त्यांच्यापुढंच तुम्ही ते पसरलंत. "मेंढराच्या पाठीवर चांदणी उगवती व्हय?" सगळे हसले. सुई माझ्याच हातात दिलीत. "उसव. आन् आपले टाके घाल." मी उसवतोय, मान खाली, आणि चहाचे फुरके ऐकू येतायत.

पुढं अंबाजोगाईच्या प्रदर्शनात माझं घोंगडं पहिलं आलं. टाके तुमचे, म्हणून हार तुमच्या गळ्यात. "हा कोण?" कुणीतरी विचारलं. तुम्ही म्हणालात, "पोरगं हाय. लोकर पिंजतंय."

तुमचे डोळे गेल्यावर तर घोंगड्यात एक धागाही तुमचा नव्हता. तरी घडी घालण्याआधी तुम्ही काठ चाचपायचात. टाके बोटाला लागले की मान हलायची. तुम्ही गेलात, तेव्हा तुमच्या अंगावर घालायच्या घोंगड्याला मी चांदणी काढली. माझ्या निशाणीचं तेवढं एकच, आणि तेही तुमच्यासंगट जळालं. खरं सांगू? ती वाकडी झालती.

सोसायटी केव्हाच बुडाली. मी अजून तुमचेच टाके घालतो, गिऱ्हाईक तेच बघून घेतं. हे पत्र तरी कुठं पाठवू?

लिहिता लिहिता दार वाजलं. कॉलेजातली एक पोरगी, ओळख ना पाळख, केजच्या जीपमधून उतरलेली. हातात मी गेल्या हिवाळ्यात विणलेलं घोंगडं, बोट काठातल्या तीन टाक्यांवर.

"बाबा, हे ज्यांनी केलंय ते इथंच राहतात का? त्यांनाच भेटायला आलेय."

"ते वारले, बाई," मी म्हणालो. "बसा, पाणी आणतो."