वहीतले अकरा दिवस

प्रिय ठमे,

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर बोलायला घेतलं की जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून लिहितोय. चौथी पास माणसाच्या चुका पोटात घाल. तू वेळेवर जेवतेस ना? जावईबापू म्हणाले, ताटात नुसता घास चिवडत बसतेस. विहीणबाईंचा रिपोर्ट वाईट आल्याचंही त्यांच्याकडूनच कळलं. तेव्हापासून दुकानात लक्ष नाही. काल सायकलच्या धड ट्यूबलाच ठिगळ लावून बसलो.

दुकान उघडलं की तुझ्या आईचं स्टूल दिसतं. दवाखान्यात जायच्या दिवशी ती तिथेच बसून गाडीची वाट बघायची. पहिल्या खेपेला नुसती कीमो होती, तेव्हा ती सोसायला शिकली. उलटी झाली, सोसली. तोंड आलं, तेही सोसलं. आजार परत उलटला तेव्हा डॉक्टरांनी कीमोच्या जोडीला ते नवं इंजेक्शन सुचवलं. मी कचरत होतो, तू हट्ट धरलास. डॉक्टरांनी मला कळेल असं सांगितलं होतं. कीमो रोगाला मारते आणि हे इंजेक्शन शरीरातल्याच पहारेकऱ्यांना जागं करतं. पण कधी कधी ते पहारेकरी घरच्यांवरच काठी उगारतात, म्हणून बारीकसारीक काही झालं तरी त्याच दिवशी कळवा. नर्सबाईंनी वही दिली. ताप, खोकला, धाप, जुलाब, रोजचं रोज लिहायचं. लिहायचं काम माझ्याकडे. आई म्हणायची, तुमचं अक्षर बघून त्या नर्सलाच ताप भरेल.

आणि गुण आला होता, ठमे. हे तू विसरतेस. दोन महिन्यांनी फोटोत गाठ निम्मी झाली होती. आई परत माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागली होती. नावं ठेवते म्हणजे बरी आहे, असं मी धरून चाललो होतो.

मग तो कोरडा खोकला आला. मी पेन उचललं तर तिने वहीवर हात ठेवला. म्हणाली, अहो, लिहू नका, इंजेक्शन बंद करतील. मग मी कशाच्या जोरावर उठू? मागच्या खेपेलाही खोकला होताच की. मी खोकल्यापुढे 'नाही' लिहिलं. दुसऱ्या दिवशीही लिहिलं. आठव्या दिवशी तीन पायऱ्या चढून तिला धाप लागली, ती लपवायला ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मला दिसलं होतं. मी धापेपुढेही 'नाही' लिहिलं. जन्मभर गिऱ्हाइकांवर ओरडत आलो, हवा जराशी कमी वाटली की लगेच आणा, तशीच दामटलीत तर ट्यूब फाटेल. आणि घरात पंक्चरचा बुडबुडा दिसत असताना मीच तोंड फिरवलं. असे अकरा दिवस.

बाराव्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधीपासून? मी कालपासून म्हणालो. त्यांनी वही चाळली आणि मिटली. नंतर म्हणाले, फुप्फुसाला इंजेक्शनमुळे सूज आलीय. अशी सूज सुरुवातीला कळली तर गोळ्यांनी बहुतेकदा आवरते. हे तू ऐकलं नाहीस, तू आईपाशी होतीस. ती गेल्यावर तू रडत म्हणालीस, मीच हट्ट केला बाबा, मीच तिला मारलं. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. वहीचं मात्र सांगितलं नाही. सात महिने झाले, त्या हाताची मला लाज वाटते.

जावईबापूंनी आणखी एक सांगितलं. विहीणबाईंना डॉक्टरांनी कीमोबरोबर तसलंच इंजेक्शन सुचवलंय, आणि तू आडवी आलीयस. म्हणतेस, माझ्या आईला मी मारलं, यांच्या आईला मारणार नाही. ते ऐकलं आणि दुकान बंद करून लिहायला बसलो. सोबत वही पाठवतोय, त्या अकरा दिवसांची पानं दुमडून ठेवलीत. त्यांच्या डॉक्टरांना दाखव. घ्यायचं की नाही ते त्यांच्या सल्ल्याने ठरवा, माझ्या पापाच्या भीतीने नको. माझ्याशी बोलायचं की नाही ते मागाहून बघ. घेतलंच, तर वही तू लिही. आणि विहीणबाईंनी वहीवर हात ठेवला, तर तो बाजूला कर. मला जमलं नाही.

तू म्हणू दिलंस तर अजूनही तुझाच,
बाबा